सोयाबीनचा स्फुरद: पेरणीआधी उरकायची तयारी

युरिया चुकला तर नंतर देता येतो, स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, तसं नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात स्फुरद पडला तिथंच बसतो आणि चुन्याशी बांधला जातो. वर फेकलेला मुळापर्यंत उतरत नाही. म्हणून त्याची सगळी तयारी मृगाआधीच करा.

रान रिकामं असतानाच माती काढा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी 20 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती खरवडा. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडा. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. अहवालात उपलब्ध स्फुरद आणि मुक्त चुनखडी हे दोन आकडे आधी बघा. स्फुरद भरपूर असेल तर मात्रा कमी करा, उगाच पैसा मातीत पुरू नका.

शिफारस हेक्टरी 30:60:30, म्हणजे एकरी नत्र (नायट्रोजन) 12, स्फुरद 24, पालाश (पोटॅश) 12 किलो. त्यासाठी सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन बॅगा, युरिया 26 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो पुरतं. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट) 50 किलोच्या एका बॅगेत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र असतं, पण गंधक नसतं. सोयाबीन तेलाचं पीक, त्याला गंधक लागतंच. सुपरमध्ये ते 11 टक्के असतं. डीएपीसाठी रांगेत ताटकळण्यापेक्षा सुपर घेतलेलं बरं.

डीएपी घेतलाच तर दोन-चार दाणे तळहातावर घेऊन तंबाखूसारखा चुना लावून चोळा. नाकात झणझणणारा उग्र वास आला पाहिजे. वास आला नाही तर पेरू नका, पावती जपून ठेवा आणि कृषी विभागाकडे तक्रार द्या.

तिफणीला, म्हणजे पेरणीच्या अवजाराला, बियाणं आणि खत सोडायचं चाडं वेगवेगळं हवं. खत बियाण्याच्या बाजूला, 5 सेंटिमीटर खाली पडतंय का, हे एक काकरी (पेरलेली ओळ) उकरून बघा. बी आणि डीएपी एकत्र पेरलं की निघणाऱ्या अमोनियानं कोंब जळतात आणि ओळीत तूट पडते. दोष मात्र बियाण्याला लागतो. झिंक सल्फेट या खतांत मिसळू नका, दोन्ही एकमेकांना अडकवून ठेवतात.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बी सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, आणि उताराला आडवी. वाहून जाणाऱ्या गाळाबरोबर स्फुरदही ओढ्याला जातो.