शेतात लोकेशन चुकतंय? आधी आकाश बघा

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात उभं राहून मोबाईल ॲपमध्ये पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करणं, सुरू झाली की बांधाबांधावर एकच तक्रार ऐकू येते: मी उभा माझ्या गटात, म्हणजे माझ्याच गट नंबरच्या जमिनीत, आणि मोबाईल मला दाखवतोय ओढ्यापलीकडे. लगेच कुणीतरी सांगतं, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरव. या कामासाठी हा सल्ला निरुपयोगी आहे. आठ काढल्यानं फोनमधलं होकायंत्र ताळ्यावर येतं, म्हणजे तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नीट कळतं. तुम्ही कुठे उभे आहात हे उपग्रहांवरून ठरतं, त्यात होकायंत्राचं काही काम नाही. ‘जीपीएस बूस्टर’ नावाची ॲपही काढून टाका. फोनची अँटेना कुठलंही ॲप मोठी करू शकत नाही.

सेटिंग्ज एकदाच बघायच्या. लोकेशन चालू, बॅटरी सेव्हर बंद, तारीख-वेळ ऑटोमॅटिक. अँड्रॉइड 12 पासून प्रत्येक ॲपला ‘प्रिसाईज’ (नेमकं) की ‘अप्रॉक्झिमेट’ (ढोबळ) लोकेशन द्यायचं, हे फोन विचारतो. घाईत दुसरं दाबलं गेलं असेल, तर त्या ॲपला साधारण 3 चौरस किलोमीटरचा परिसर कळतो, तुमचं शेत नाही. आयफोनमध्येही ‘प्रिसाईज लोकेशन’चं वेगळं बटण आहे. घरातल्या मुलांनी गेमसाठी खोटं लोकेशन देणारं ॲप टाकलं असेल, तर तेही उडवा.

आता खरा अडचणीचा टप्पा: फोनला उपग्रह सापडेपर्यंत थांबणं. मलाही यानंच सगळ्यात जास्त छळलं, कारण याबद्दल कुणी धड सांगत नाही.

मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. ठिपक्याकडे नंतर बघा, आधी वर्तुळ बघा. ते अख्ख्या वस्तीएवढं असेल, तर फोनला अजून उपग्रह सापडलेले नाहीत. टॉवरवरून किंवा जवळपासच्या वायफायवरून तो अंदाज बांधतोय. अशा वेळी घेतलेला फोटो हमखास भलत्या गटात जातो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठे आहोत ही माहिती फार सावकाश पाठवतो, सेकंदाला फक्त 50 बिट, आणि दर 30 सेकंदांनी तीच पुन्हा सांगतो. फोनला किमान चार उपग्रहांची ही माहिती लागते. रेंज असली की ती इंटरनेटवरून झटकन उतरते, म्हणून तालुक्याच्या गावात काही सेकंदांत जागा सापडते. शिवारात रेंज नसेल, तर ती आकाशातूनच घ्यावी लागते आणि मध्येच सिग्नल तुटला तर राहिलेल्या तुकड्यासाठी पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. चालत चालत, आंब्याच्या सावलीत, खिशात फोन ठेवून हे होत नाही.

म्हणून घरून निघतानाच, जिथे नेट आहे तिथे, अंगणात येऊन मॅप्स उघडा आणि ठिपका स्थिर होऊ द्या. ही माहिती पुढचे काही तास कामाला येते.

शेतात पोचल्यावर चारही बाजूंनी आकाश दिसेल अशी जागा धरा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरू नका, पाटाकडेची मोकळी जागा बघा. पत्र्याच्या शेडपासून लांब राहा, कारण पत्र्यावर आपटून आलेला सिग्नल जास्त अंतर कापतो आणि फोनचा हिशेब बिघडतो. ढगांची काळजी करू नका, त्यानं फारसा फरक पडत नाही. ओल्या दाट पानांनी मात्र पडतो. फोन छातीच्या उंचीवर, स्क्रीन वर करून, चालू ठेवा आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलू नका. फोन बरेच दिवस बंद असेल, तर आणखी थांबा. सगळ्यात महत्त्वाचं: या वेळात लोकेशन बंद-चालू करू नका. अधीर होऊन बटण दाबणाऱ्यांचंच काम रखडतं.

वाट बघताना काय चाललंय ते दिसायला हवं असेल, तर अँड्रॉइड फोनवर ‘जीपीएसटेस्ट’ हे ॲप टाका. प्रत्येक उपग्रहापुढे तो ज्यांचा त्यांचा झेंडा दिसतो, नाविक या आपल्या भारतीय उपग्रहांसमोर तिरंगा. सिग्नलचा आकडा 30 च्या पुढे असलेले पाच-सहा उपग्रह हवेत. तिथल्याच एका रकान्यात आधी ‘ई’ उमटतो, म्हणजे त्या उपग्रहाची माहिती हाती आली. मग ‘यू’ येतो, म्हणजे तो हिशेबात धरला. ‘यू’ची संख्या वाढली की मॅप्समधलं वर्तुळ आक्रसतं. तेव्हाच फोटो काढा.

फोटो बांधाला खेटून काढू नका, दहा-पंधरा पावलं आत या. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनमध्ये पाचेक मीटरचा फरक राहतोच. आणि कृपा करून या ठिपक्यावरून शेजाऱ्याशी बांधाचा वाद घालू नका. हद्द ठरवायला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

इतकं करूनही ॲप तुम्हाला गटाबाहेर दाखवत असेल, तर विहिरीशेजारी किंवा रस्त्याच्या फाट्यावर उभे राहा आणि मॅप्समध्ये सॅटेलाइट चित्र लावा. ठिपका विहिरीशेजारी बरोबर पडला, तर फोन ठीक आहे. गटाची नकाशावरची रेघच सरकलेली असू शकते. मग फोनशी झटापट थांबवा, ॲपचा आणि मॅप्सचा असे दोन्ही स्क्रीनशॉट घ्या आणि मुदत संपायच्या आत तलाठ्यांना दाखवा.