लॉग साठवणाऱ्या उपकरणाचं लॉगिन आधी तपासा

फायरवॉलची काळजी सगळे घेतात. तिचे लॉग, म्हणजे कधी काय घडलं याच्या नोंदी, जिथे जमा होतात ते उपकरण मात्र दुर्लक्षित राहतं. पुरावा पुसायची जागा नेमकी तीच. म्हणून नवं नेटवर्क हातात आलं की मी पहिला तास तिथेच घालवतो.

ॲडमिनचं वेब पान कुठून उघडतं ते पाहा. इंटरनेटवरून उघडत असेल तर बाकी सगळं सोडून ते आधी बंद करा. फक्त व्यवस्थापनाच्या वेगळ्या व्हीलॅनमधून (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून) दिसू द्या. लॉगिनच वगळता येणारी त्रुटी असेल तर लांबलचक पासवर्डचा उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली फोर्टिमॅनेजरमधली (फोर्टिनेटच्या फायरवॉल एका जागेवरून सांभाळणारी प्रणाली) सीव्हीई-२०२४-४७५७५ ही त्रुटी अशीच होती: एका महत्त्वाच्या कामाला ओळखतपासणीच नव्हती, तीव्रता १० पैकी ९.८. त्याच कंपनीच्या लॉग साठवणाऱ्या फोर्टिॲनालायझरची काही जुनी मॉडेलंही त्यात सापडली. पॅच (त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट) तातडीने लावाच, पण अनोळखी ॲडमिन खाती आणि परकी नोंदणीकृत उपकरणंही शोधा. आधीच आत आलेला माणूस पॅचने बाहेर जात नाही.

मग सिस्लॉग, म्हणजे उपकरणांनी लॉग पाठवायची प्रमाणित पद्धत. तिच्या नेहमीच्या यूडीपी ५१४ पोर्टवर पाठवणाऱ्याची ओळख कुणी विचारत नाही, खोटी नोंद सहज घुसते. टीएलएसवर (एन्क्रिप्टेड जोडणीवर), ६५१४ पोर्टवर जा. एका ठिकाणी मला टीएलएस चालू, पण समोरच्याची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची पडताळणी बंद सापडली; धस्स झालं. ती दोन्ही बाजूंना चालू हवी.

एसएसओ (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) असलं तरी स्थानिक ॲडमिन खातं उरतंच, तेही तपासा. आणि या उपकरणाचे स्वतःचे लॉगिन-लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा.