चित्रकार्डाची पाठकोरी बाजू

जगभरातील अनोळखी लोकांशी चित्रकार्डांची देवाणघेवाण करण्याचा आज सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे पाउलो मागल्याइंश या पोर्तुगीज तरुणाने १४ जुलै २००५ रोजी सुरू केलेला पोस्टक्रॉसिंग हा उपक्रम. नाव नोंदवून पत्ता मागितला की कुठल्यातरी देशातील एका सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातून जाणाऱ्या कार्डाच्या क्रमांकाची सुरुवात ‘आयएन’ या रोमन अक्षरांनी होते. कार्ड पोचल्यावर तो सभासद क्रमांक नोंदवतो आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी दिला जातो, त्यामुळे ज्याला कार्ड पाठवले त्याच्याकडूनच उत्तर येईल ही अपेक्षा ठेवू नये. नवख्या सभासदाला एका वेळी पाच पत्ते मिळतात, आणि सुरुवातीला तेवढे पुरेही होतात.

कार्ड निवडताना बहुतेकांचे सारे लक्ष चित्राकडे असते, पण प्रवासात कार्डाचे भवितव्य ठरवते ती पाठीमागची बाजू. ही बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल तर जेल पेनची शाई वाळत नाही आणि रचलेल्या टपालात एका कार्डाची अक्षरे दुसऱ्यावर उमटतात. साधे बॉलपेन उत्तम. लिहून झाल्यावर कोपऱ्यातील एखाद्या शब्दावरून अंगठा फिरवून पाहावा, डाग पडला तर कार्ड तासभर तसेच उघडे ठेवावे. उजव्या अर्ध्या भागात पत्ता लिहावा आणि देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या रोमन अक्षरांत ठळक काढावे. ते इंग्रजीत असणे महत्त्वाचे आहे, कारण कार्ड देशाबाहेर काढायचे काम आपल्याकडचे टपाल कर्मचारी करतात. उरलेला पत्ता मात्र ज्या क्रमाने मिळाला त्याच क्रमाने उतरवावा. जर्मन पत्त्यात घरक्रमांक रस्त्याच्या नावानंतर आणि पिन कोड गावाच्या आधी येतो, तो आपल्या सवयीने ‘सुधारू’ नये. खालची बोटभर पट्टी कोरी सोडावी, कारण अनेक देशांत यंत्रे तेथे बारकोड छापतात. क्रमांक दोन ठिकाणी लिहावा, पण तिकिटाजवळ लिहू नये. माझ्या पहिल्याच कार्डाचा क्रमांक शिक्क्याच्या काळ्या शाईखाली गेला होता आणि ते कार्ड कुणाला वाचता आले की नाही, हे मला कधीच कळले नाही.

मजकुरात ‘भारतातून नमस्कार’ एवढेच लिहून थांबणे म्हणजे तिकीट वाया घालवणे. आज घरात अळूवड्या झाल्या आणि पाने तोडताना हाताला खाज सुटली, असे एक वाक्य दहा पर्यटनस्थळांच्या वर्णनापेक्षा अधिक वाचले जाते. एखादा शब्द देवनागरीत लिहून त्याचा उच्चार आणि अर्थ द्यावा. कार्ड वाटेत कुणीही वाचू शकते, म्हणून फोन क्रमांक किंवा घरी कोण केव्हा नसते असले तपशील त्यावर नकोत.

चांगली चित्रकार्डे आपल्याकडे दुकानोदुकानी मिळत नाहीत. वस्तुसंग्रहालयांची विक्री दालने धुंडाळावी लागतात. स्वतः काढलेले छायाचित्र सहा इंच बाय चार इंच आकारात जाड कागदावर छापून घेतले तरी चालते. परदेशी कार्डाचा दर टपाल कार्यालयाच्या खिडकीवर विचारूनच तिकिटे लावावीत, कारण देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर येथे लागू होत नाही. एकाच मोठ्या तिकिटाऐवजी दोन-तीन सुंदर तिकिटे लावण्यात थोडी जागा जाते, पण पलीकडचा माणूस बहुधा तिकिटेही जमवत असतो. शक्य असेल तर शिक्का समोरच मारून घ्यावा. कार्ड पाकिटात घालून पाठवण्याचा मोह होतो. मला विचाराल तर शिक्का आणि थोडेसे चुरगळलेले कोपरे नसलेले कार्ड हे दुकानातून आणलेल्या कार्डासारखेच असते.

आलेली कार्डे जपताना कोकण आणि मुंबईच्या दमट हवेचा विचार आधी करावा. चिकट पानांच्या अल्बममध्ये कार्ड कायमचे अडकते आणि पीव्हीसीचे मऊ कप्पे काही वर्षांत शाई ओढून घेतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे घ्यावेत. कप्पे बाहेरील भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. गणपतीनंतर ऊन पडू लागले की सगळी कार्डे एकदा बाहेर काढून सावलीत पसरावीत आणि कसर लागली आहे का, हे कडेकडेने पाहावे.