नाशिकहून मुंबईच्या म्युझियमला एक दिवस जायचंय? आधी पांडवलेणी करा

सुट्ट्या लागल्या की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, मुलांना घेऊन मुंबईच्या म्युझियमला जायचंय, एका दिवसात होईल का. होतं, आरामात होतं, पण सगळं म्युझियम होत नाही आणि ते करायलाही जाऊ नये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकेक दालन संपवायचं असं ठरवून गेलो होतो, दुपारी दोनपर्यंत सगळ्यांचे पाय गेले, मुलं बाकावर बसली ती उठेनात आणि घरी आल्यावर काय बघितलं विचारलं तर धाकटीला फक्त भरलेले पक्षी आठवत होते. म्हणून आता माझी पद्धत वेगळी आहे, तीच सांगतो.

म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोड्याजवळचं. जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, टॅक्सीवाल्याला नुसतं म्युझियम म्हटलं तरी कळतं. पायाभरणी १९०५ ची, लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये, मधे पहिल्या महायुद्धात तिथे चक्क लष्करी हॉस्पिटल होतं. आत पन्नास हजारांच्या आसपास वस्तू आहेत, एकेका वस्तूला अर्धा मिनिट दिला तरी किती दिवस लागतील हिशेब करा.

तर जायच्या आधीच्या रविवारी सकाळी पांडवलेणी, म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरातली जुनी बौद्ध लेणी, चढायची. हे मी आग्रहाने सांगतोय कारण आपण नाशिककर तिथे व्यायामाला जातो, फोटो काढतो आणि भिंतीवरचं अक्षर न बघता खाली उतरतो. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, त्यात मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असं तिने लिहवून घेतलंय. ते क्षहरात म्हणजे नहपान वगैरे शक राजांचं घराणं, आणि त्याच नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख दहा नंबरला आहे. त्यात त्याने भिक्षूंच्या कपड्यांसाठी आणि इतर खर्चासाठी ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवल्याचं लिहिलंय, २,००० महिना एक टक्क्याने आणि १,००० पाऊण टक्क्याने. म्हणजे एफडीच झाली की ती, आपल्या गावातली, एकोणीसशे वर्षांपूर्वीची! मुलांना हे सांगा, एकदम डोळे मोठे होतात. आणि सतरा नंबरला उत्तरेकडून आलेल्या एका यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, दान आहे, तेही लक्षात ठेवा, म्युझियममध्ये कामाला येणार आहे.

वेळ असला तर त्र्यंबक रोडला अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय पण करून घ्या. १९०६ मध्ये आपल्याच जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, १३,००० च्या वर नाणी, आणि त्यातल्या ९,००० पेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा परत मारलेला. नाणी वितळवली नाहीत, तशीच ठेवली आणि वरून आपली चिन्हं उमटवली, त्यामुळे काही नाण्यांवर खालच्या नहपानाचं नाक, कपाळ अजून दिसतं. आई दगडावर जे सांगते तेच मुलगा चांदीवर सांगतो, हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही नाण्यांच्या दालनात माणूस काचेला नाक लावून उभा राहतो.

आता प्रवास. पंचवटी एक्सप्रेस, दुसरा विचार करू नका. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी, वेळ आदल्या दिवशी अॅपवर बघून घ्या. रिझर्व्हेशन आधीच करायचं आणि पासवाल्यांच्या डब्यात चढायचं नाही, रोज जाणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. सिटीतून येणार असाल तर सहाला घर सोडा. पोळीभाजी गाडीतच इगतपुरी ते कल्याणमध्ये खाऊन घ्या म्हणजे म्युझियममध्ये भूक भूक होत नाही आणि थेट दुपारी उशिरा जेवता येतं. स्टेशनवरून हुतात्मा चौकावरून चालत पंचवीस-तीस मिनिटं, आजीआजोबा बरोबर असतील तर टॅक्सी. शाळांच्या सहली असतात ते डिसेंबर-जानेवारीचे दिवस आणि काळा घोडा फेस्टिव्हलचे दिवस टाळता आले तर टाळा.

दारात तिकीट, मोठी बॅग असेल तर जमा, मोबाईलने फोटो काढायचे नियम विचारून घ्या. ऑडिओ गाईड मराठीत मागा, घ्याच. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअर आणि लिफ्टचं तिथेच विचारा, वर गेल्यावर शोधत बसू नका.

आत गेल्यावर पहिला दीड तास फक्त तळमजल्यावरचं शिल्पांचं दालन. पाटी वाचताना तीनच गोष्टी बघायच्या: कुठे सापडलं, कितवं शतक, दगड कुठला. गांधारची (आजचा वायव्य पाकिस्तान-अफगाणिस्तानचा भाग) बुद्धमूर्ती राखाडी शिस्ट दगडाची असते, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या ग्रीक पुतळ्यासारख्या, आणि इथे तो सतरा नंबरच्या लेण्यातला यवन आठवायचा, उत्तरेकडचे लोक आपल्या डोंगरापर्यंत आले होते ते उगाच नाही. मग सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपाच्या मातीच्या मूर्ती शोधा, दगड नाही, भाजलेली माती, तरी चेहरे किती शांत आहेत बघा. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही इथेच आहे, त्यातली ब्राह्मी या जुन्या लिपीतली अक्षरं पांडवलेणीच्या अक्षरांशी ताडून बघायला मुलांना मोबाईलमधला, आपण तिथे काढलेला लेखाचा फोटो द्या. माझ्या मोठ्या मुलाने त्यात ‘म’ शोधला होता, तो दिवस मी विसरणार नाही.

मग बाहेर बागेत बसा, चहा-जेवण, किमान पाऊण तास. जेवणानंतर दोनच दालनं निवडा, एक तुमचं एक मुलांचं. माझं नाणी, मुलांचं बहुतेक शस्त्रं, तिथे अकबराचं चिलखत आहे. लघुचित्रं बघायची असतील तर तो एक वेगळाच दिवस ठेवा, बारीक काम असतं, थकल्या डोळ्यांनी बघून काही उपयोग नाही. बाकीच्या दालनांसमोरून सरळ पुढे जायचं, जीव तुटतो खरं पण जायचंच.

परतीची पंचवटी सव्वासहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे पाचला म्युझियम सोडायचं. गाडीत सगळ्यांना वहीत एकच वस्तू आठवून काढायला लावा, फोटो न बघता, कल्याणच्या आधी म्हणजे झोपायच्या आत. नाशिकरोडला पोचायला साडेनऊ-दहा होतात, सकाळी स्टेशनवर गाडी पार्क करून गेला असाल तर रात्री रिक्षाची वणवण वाचते.