अचोली धाटणीचं कातडी एप्रन आणि कमरेच्या मणीसरी: ठाण्यात बनवायच्या तर

युगांडाच्या उत्तरेला गुलू-कितगुमच्या भागात आणि सीमेपलीकडे दक्षिण सुदानमध्ये अचोली लोकांची वस्ती आहे. बकरीच्या कातड्याचं आखूड एप्रन आणि कमरेला मण्यांच्या सरी हा तिथल्या बायकांचा जुना पोशाख. लाराकाराकासारख्या नाचांत मणी आजही दिसतात. इथे सांगतोय ती त्या धाटणीची नवी वस्तू, कमीत कमी तासभर नाचून टिकेल अशी. तिला ‘अस्सल’ म्हणून खपवू नका.

सगळी गोम एकाच गोष्टीत आहे. कातडं ताणतं, मणी ताणत नाही. बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

कातड्यासाठी सायनला उतरून धारावी गाठावी. बकरीचं, झाडसालीने कमावलेलं, एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं मागा. साधारण चार चौरस फुटांचं एक कातडं पुरतं. दुकानदार काहीही म्हणो, कडेला छोटा काप देऊन आतला रंग बघा. आत निळसर-करडा असेल तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते मऊ असतं, पण आरीचं भोक त्यात रुंदावत जातं. सालीचं कातडं आत तपकिरीच दिसतं.

एप्रन २८ सेंटिमीटर रुंद आणि ३० लांब, वर दुमडायला ३ सेंटिमीटर जास्त. बांधायला २ सेंटिमीटर रुंदीच्या, ४५ सेंटिमीटर लांबीच्या दोन वाद्या. वाद्या पाठीच्या कण्याला समांतर कापा. पोटाकडचं कातडं सैल असतं, तिथून कापलेली वादी दोन-तीन कार्यक्रमांत बोटभर वाढते. कापून झाल्यावर वाद्या ओल्या करून एक किलोचं वजन लावून रात्रभर टांगा, मगच शिवा. जोडाचं टोक रांपीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, निम्मं तासून घ्या, नाहीतर तिथे गुठळी होऊन ती कमरेला टोचते. ओल्या कातड्यावर लोखंडी आरी किंवा कात्री पडू देऊ नका. सालीतल्या टॅनिनशी लोखंड मिळून काळा डाग पडतो. पडलाच तर लिंबाचा रस लगेच चोळा आणि धुऊन टाका.

मणी जांभळी नाक्याच्या बाजारात शोधा, तिथे मनासारखे मिळाले नाहीत तर भुलेश्वर. नंबर आठचे, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर व्यासाचे काचेचे मणी घ्या. एका ग्रॅमला ३८च्या आसपास बसतात. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरकडच्या मण्यांत लहानमोठे फार असतात, म्हणून तांदूळ निवडतो तसे ताटात घेऊन निवडायचे. पन्नास मणी ओवून पट्टीवर मोजा, १० सेंटिमीटर यायला हवेत. मग हिशोब सोपा. एप्रनच्या पट्टीला ७४४ मणी, म्हणजे २० ग्रॅम. कमरेची ८० सेंटिमीटरची एक सर ४०० मण्यांची, पाच सरींना ५३ ग्रॅम. निवडून टाकलेले धरून १०० ग्रॅम घ्या. रंगाची परीक्षा आधीच करा: दहा मणी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून पांढऱ्या कापडावर घासा. रंग लागला तर घामालाही लागणारच.

आता शिवण. खालच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर एक रेघ, तिच्यावर १५ मिलिमीटरवर दुसरी. दोन्ही रेघांवर ३-३ मिलिमीटरला गोल टोकाच्या बारीक आरीने भोकं पाडा. भोक मिलिमीटरपेक्षा लहानच हवं. कातड्याचा तुकडा काढणारा पंच इथे चालत नाही. आरी धागे बाजूला सारते, पंच ते तोडतो आणि मग पोस्टाच्या तिकिटासारखी कड सरळ फाटत जाते. तरीही मागून मांजरपाटाची पातळ पट्टी सोल्युशनने चिकटवून घ्या आणि भोकं तिच्यातूनही पाडा.

दोरा बाँडेड नायलॉनचा, मेण लावलेला. खालच्या भोकातून वर या, आठ मणी ओवा, समोरच्या वरच्या भोकातून खाली जा, मागून पुढच्या भोकाकडे सरका. अशा ९३ ओळी. आठ मणी १६ मिलिमीटर भरतात आणि भोकांत अंतर १५, हा एक मिलिमीटर मुद्दाम ठेवलेला आहे. ओळ किंचित फुगते. बसताना कातडं वाकलं की तेवढी ढील लागते, नाहीतर मण्याची धारदार कड दोरा कापते. नऊ मणी घातले तर ओळ लोंबते आणि नखात अडकते. दर दहा ओळींनी मागे पक्की गाठ मारा. काळी पोत गाठवताना पटवेकरी गाठींवर भरवसा ठेवतो, तसंच इथे. दोरा तुटलाच तर दहा ओळी सुटतील, पट्टी नाही.

सरींना इलॅस्टिक नको, वजनाने खाली ओघळतं. दुहेरी दोरा घ्या, माप कमरेचं नाही, नितंबाच्या वरच्या हाडाचं, तेही बसून, आणि त्यात ४ सेंटिमीटर वाढवा. माप ८० पेक्षा जास्त आलं तर दर सेंटिमीटरला पाच मणी धरा. टोकांना २ बाय ५ सेंटिमीटरचे कातडी तुकडे, प्रत्येकात पाच भोकं, एका भोकात एकच सर. सगळ्या एकाच गाठीत बांधल्या तर नाचताना त्या पिळून दोरखंड होतात.

शेवटचा हात तेलाचा. अचोलींच्या भागात शियाचं झाड वाढतं, त्याच्या तेलाला ते मू या म्हणतात. इथे एरंडेलाचे चार थेंब कापसाने पुरतात. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, वापरायचं असेल तर एरंडेलात जेमतेम चिमूटभर वितळवा, जास्त झालं तर थंडीत वर पांढरं साकळतं. ते बुरशीसारखंच दिसतं. हेअर ड्रायरची गरम हवा द्या: विरघळलं तर चरबी, राहिलं तर बुरशी.

खाडीजवळच्या घरांत जून ते सप्टेंबर बुरशी येतेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलीत सैल गुंडाळून हवेशीर कपाटात आडवं ठेवा. टांगलं तर मण्यांच्या वजनाने वाद्या ओढल्या जातात. उरलेले मणी त्याच पुडीत जपा, त्या रंगाची तीच छटा पुढच्या खेपेला मिळेलच असं नाही.