अ‍ॅम्प घूंऽऽ करायलाय? दुरुस्तीला न्यायच्या आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या एका पोराचा फोन आला, दादा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) चालू केला की घूंऽऽ आवाज यायलाय, गिटार वाजवली नाही तरी यायलाय, नवीन अ‍ॅम्प बघू का. म्हटलं थांब, आधी गिटारची केबल अ‍ॅम्पमधनं काढ आणि सांग. केबल काढली, आवाज गेला. म्हणजे अ‍ॅम्प चांगलाच होता, दोष त्याच्या पुढं कुठंतरी होता. मग मित्राची केबल लावून बघितली तर सगळं शांत. जुन्या केबलच्या जॅकमध्ये बाहेरच्या जाळीचं सोल्डरिंग सुटलं होतं, बास. आणि हा पोरगा अ‍ॅम्प बदलायला निघाला होता.

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, आवाज कुठनं येतोय ते न बघता पैसे घालणं. कुणी नॉईज गेट पेडल (नको असलेला आवाज कापणारा पायाशी ठेवायचा डबा) आणतं, त्यानं वाजवायचं थांबल्यावर आवाज दबतो पण वाजवताना तो स्वरासोबत येतोच. त्यापेक्षा एक एक वस्तू काढत जा. आधी सगळे पेडल बाजूला, गिटार सरळ अ‍ॅम्पला. मग दुसरी केबल. मग केबलच काढा. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये केबल काढली की इनपुट आपोआप ग्राउंड होतो, त्यामुळं तेव्हा शांत व्हायला पाहिजे. तरी घूं राहिला आणि व्हॉल्यूम शून्य केल्यावरही तेवढाच राहिला तर मात्र दोष अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमध्ये असायची शक्यता जास्त, जुन्या अ‍ॅम्पात फिल्टरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकसारखी करणारे भाग, थकतात.

कान पण वापरा. आपली लाईन ५० हर्ट्झची, त्यामुळं कपॅसिटर थकल्यावरचा घूं १०० हर्ट्झवर येतो, म्हणजे जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी स्वराच्या अगदी जवळ, तो ९८ आहे. तार वाजवून जुळवून बघा. त्याच्यापेक्षा एक सप्तक खाली घुमत असेल तर अर्थिंग नाहीतर केबल. सूंऽऽ असा वाऱ्यासारखा आवाज असेल तर बहुतेक वेळा गेन (सिग्नल किती वाढवायचा त्याचा नॉब) जास्त आहे, कमी करा. आणि झर्रर्र असं टोचणारं आलं तर वर पंख्याकडं बघा. गोल फिरवायचे बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज तुकडे करून सोडतात, ते गिटारच्या पिकअपला (तारांखालचं चुंबक आणि कॉइल, जे स्वर उचलतं) लगेच लागतं. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद कर म्हणणं अवघडच, मग फुल स्पीडवर ठेवून बघा, आवाज बराच उतरतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर अ‍ॅम्प करकरणारच, त्यात अ‍ॅम्पचा काही दोष नाही.

सिंगल कॉइल पिकअपची गिटार थोडी गुणगुणतेच. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप काढला तो याच त्रासासाठी, दोन कॉइल उलट जोडल्या की घूं एकमेकांत मिटतो. गिटार धरून जागेवरच गोल फिरा, एखाद्या दिशेला आवाज कमी झाला तर तो पिकअपच उचलतोय, तिथं बसून वाजवा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर तेही बरेचदा नेहमीचंच. पण हात लावल्यावर वाढला किंवा बोटाला झिणझिण्या आल्या तर लगेच स्विच बंद.

आता अर्थिंग, आणि इथं मी हात जोडून सांगतो, प्लगची वरची जाड पिन कधीच कापू नका. घूं जातो म्हणून लोक कापतात किंवा दोन पिनचा अ‍ॅडॅप्टर लावतात. आत काही बिघडून फेज बॉडीला लागला तर तो केबलच्या जाळीतनं थेट तारांवर येतो, हातात गिटार आणि ओठ माईकला. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीला स्टेजवरच असा शॉक लागून गेला, हातात गिटार होती आणि त्यानं अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावला. आवाजासाठी जीव धोक्यात घालू नका.

उलट अर्थिंग नीट करून घ्या. जुन्या वाड्यांत कित्येक बोर्डला तीन भोकं दिसतात पण आत अर्थची वायरच नसते. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन पार कोरडी पडते, अर्थिंगचा खड्डा सुकला की तो नावालाच राहतो, त्यात पाणी घालत जा. वायरमन बोलवून मीटरनं बघा, फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्हीकडं साधारण २३० च्या आसपास सारखंच आलं पाहिजे. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प जोडलेले असतील तर दोन्ही एकाच बोर्डवर घ्या, वेगवेगळ्या खोलीतनं घेतलं की ग्राउंड लूप होतो, म्हणजे दोन अर्थच्या वाटांमधनं करंट फिरून घूं येतो.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर ती धूळ. यंत्रमागाच्या कारखान्याजवळ घर असलेल्यांकडं सुताची बारीक धूळ पण आत जाते. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीस-तीस वेळा फिरवा, खोबरेल तेल किंवा गंजाचा स्प्रे नको.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प घरी अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावर पण कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात. मेकॅनिककडं जाताना कागदावर लिहून न्या, केबल काढल्यावर आवाज राहतो का, व्हॉल्यूम शून्यावर राहतो का, दुसऱ्याच्या घरी नेल्यावर राहतो का. त्याचं अर्धं काम तिथंच होतं.