रिसीव्हर घेताना डब्यावरच्या वॅटवर जाऊ नका
नागपूरच्या सीताबर्डीत होम थिएटर रिसीव्हर (स्पीकरना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बघताना डब्यावरचा ‘१५० वॅट’ बाजूला ठेवा. तो बहुधा १ किलोहर्ट्झ (एकाच सुरावर), ६ ओहम (स्पीकरचा विद्युत अवरोध), एकच चॅनल (एकच स्पीकर चालू), १० टक्के डिस्टॉर्शनवर (आवाज फाटलेला असताना) मोजलेला, म्हणजे फुगवलेला असतो.

१. माहितीपत्रकात ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनल’ ही ओळ शोधा. तुलना फक्त तिचीच.

२. खोली १२ बाय १४ फूट आणि स्पीकर ८ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती आवाज) ८८ डेसिबलच्या वर? स्वस्तातला रिसीव्हर पुरे. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. उरलेले पैसे सबवूफरला (खालच्या, जड आवाजाचा स्पीकर) लावा.

३. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ते जास्त करंट ओढतात, तिथे मात्र महागडाच.

रिसीव्हर बंद शोकेसमध्ये ठेवू नका. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो तापून मध्येच बंद पडतो. वर ६ इंच मोकळी जागा हवी.